डोंगरवाट आणि बिनतारी संच

दोन-तीन जीपगाड्या घेऊन चिखलदऱ्याला जायचे ठरले, की आपण डबे, मुक्काम, पेट्रोल यांचा हिशेब मांडतो. गाड्यांची चुकामूक झाली तर बोलायचे कसे, याचा विचार शेवटी होतो. माझ्या मते तो आधी व्हावा; कारण दऱ्याखोऱ्यांत मोबाईलचा भरवसा धरता येत नाही.

आपल्या देशात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झवरील मान्यताप्राप्त हातसंचांना परवाना लागत नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा हौशी पट्टा मात्र परीक्षा देऊन परवाना मिळवणाऱ्यांसाठीच आहे. बाजारात दोन्ही प्रकार शेजारी दिसतात, म्हणून पट्टा पाहूनच संच घ्यावा.

या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. सुमारे ११०० मीटर उंचीच्या कड्यावरून आवाज दूर पोचतो. पण मध्ये डोंगराची सोंड आली, की हाकेच्या अंतरावरचा सोबतीही मुका होतो. तेव्हा खोक्यावर छापलेल्या किलोमीटरांवर विसंबू नये.

यास्तव परतवाड्यालाच चॅनेल आणि थांबे ठरवावेत. थांबे उंच, मोकळ्या जागी असावेत व तेथे गाडीच्या लोखंडी टपाबाहेर येऊन बोलावे. मागची गाडी बोलेपर्यंत पुढचीने हलू नये. १९७४ पासून मेळघाट व्याघ्रप्रकल्प आहे. तेथे ठरलेला रस्ता सोडून गाडी घालू नये.

संच कितीही चांगला असो, ठरलेला थांबा पाळणारा सोबती नसेल तर तो निरुपयोगीच.