रसिकाच्या वहीतले २०२४

मराठी वृत्तपत्रांनी ‘क्रीडारसिक’ हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत केला आहे की त्यातल्या ‘रसिक’ या निम्म्या भागाकडे आता कोणाचे लक्षही जात नाही. संगीताच्या बैठकीतला रसिक हा नुसता श्रोता नसतो. समोरचा राग ऐकताना पूर्वी कधी ऐकलेला तोच राग ज्याच्या कानात जागा होतो, तो रसिक. हाच निकष खेळाला लावला, तर वर्षभर सामने पाहणाऱ्या माणसाचा आनंद जय-पराजयापेक्षा त्याच्या आठवणींच्या वहीवर अधिक अवलंबून असतो असे दिसते, कारण आजच्या निकालाला वजन येते ते वहीतल्या जुन्या पानामुळे. २०२४ हे वर्ष महाराष्ट्रातील रसिकाच्या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे ठरते ते यासाठीच. या एका वर्षात १९४६, १९५२, १९८४ आणि १९९७ अशी चार जुनी पाने उघडावी लागली.

वर्षाची खरी सुरुवात फेब्रुवारीच्या अखेरीस झाली. २७ फेब्रुवारीला वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईचे दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाचे फलंदाज, तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे, यांनी बडोद्याविरुद्ध एकाच डावात शतके ठोकली. शेवटच्या जोडीकडून अपेक्षा असते ती समोरच्या गोलंदाजाला थोडे ताटकळत ठेवण्याची. या जोडीने २३२ धावा जोडल्या आणि दहाव्या गड्यासाठीचा रणजीतील विक्रम अवघ्या एका धावेने हुकला. सामना तोवर मुंबईच्या हातात आलेला असल्याने या धावांना निकालाच्या दृष्टीने फारशी किंमत नव्हती, परंतु रसिकाने वही उघडली ती चंदू सरवटे यांच्या पानावर. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हल मैदानावर सरेविरुद्ध सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी याच दोन क्रमांकांवर खेळताना शतके काढून २४९ धावांची भागीदारी केली होती, आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये, म्हणजे तीन वा अधिक दिवसांच्या अधिकृत सामन्यांमध्ये, त्यानंतर हा प्रकार पुन्हा घडायला ७८ वर्षे जावी लागली.

या शतकांना तीन दिवस होतात न होतात तोच, १ मार्चला, हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डी लीगचे पहिले विजेतेपद मिळवले. आधीच्या हंगामात हाच संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून चार गुणांनी हरला होता, त्यामुळे कर्णधार अस्लम इनामदारच्या हाती करंडक पाहताना समाधानाबरोबर थोडी सुटकेची भावनाही होती. सामना फिरला तो पंकज मोहितेच्या एका चढाईने. चढाई म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात एकट्याने शिरून, गडी बाद करून, पकड होण्याआधी मध्यरेषेवर परतणे; साधारणपणे एक गुण मिळाला तरी चढाई सार्थकी लागली असे मानतात, मोहितेने मात्र एकाच चढाईत चौघांना बाद केले. मातीवरची कबड्डी पाहत वाढलेल्या पिढीला दिव्यांच्या झगमगाटातली आणि मॅटवरची कबड्डी अजूनही थोडी परकी वाटते, आणि या तक्रारीत तथ्य आहे. परंतु चार गड्यांना अंगावर घेऊन रेषेकडे झेपावणारा चढाईपटू पाहताना माती आणि मॅट हा भेद विसरायला होतो.

मार्चच्या मध्यावर वानखेडे स्टेडियमवर झालेला रणजी अंतिम सामना मुंबई आणि विदर्भ यांच्यातला, म्हणजे एका परीने घरातलाच होता. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन स्वतंत्र संघटना आहेत, त्यामुळे राज्यातील रसिकाची निष्ठा जिल्ह्यागणिक बदलते आणि नागपूरचा रसिक मुंबईच्या पराभवाने जितका सुखावतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने. विदर्भापुढे ५३८ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य होते, तरीही कर्णधार अक्षय वाडकरने शतक काढले आणि हर्ष दुबेच्या साथीने शेवटच्या दिवसाचे पहिले सत्र एकही गडी न गमावता खेळून काढले. उपाहारानंतर वाडकर बाद झाला आणि बाकीचे गडी झरझर गेले. मुंबईचे ते ४२ वे विजेतेपद. शेवटचा चेंडू पडला तो निवृत्त होत असलेल्या धवल कुलकर्णीच्या हातून आणि त्यावर उमेश यादवचा त्रिफळा उडाला. रसिकाच्या लक्षात मात्र राहिले ते उपाहारापूर्वीचे दोन तास. (पुढच्याच हंगामात विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला नमवून करंडक नागपूरला नेला, पण तो हिशेब दुसऱ्या वर्षाचा.)

याच वानखेडेवर तीन आठवड्यांच्या आत रसिकाचे दुसरे रूप दिसले. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याला कर्णधार केले होते आणि १ एप्रिलला राजस्थानविरुद्धच्या सामन्यात नाणेफेकीलाच प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची अशी काही हुर्यो उडवली की समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगावे लागले. संघ त्या हंगामात तळाला गेला. तेवढ्यात जून उजाडला, आणि अमेरिका व वेस्ट इंडीजमधील ट्वेंटी-२० विश्वचषकाचे भारताचे सामने रात्री आठला सुरू होत असल्यामुळे घरोघरी जेवणाची पाने टीव्हीसमोर मांडली जाऊ लागली. २९ जूनला ब्रिजटाऊनमध्ये शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या, चेंडू पंड्याच्याच हातात होता, आणि पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरने मारलेला फटका सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने पकडला, तोल जाताच चेंडू वर उडवला, रेषेबाहेर पाऊल टाकले आणि पुन्हा आत येऊन तो झेलला. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला नरिमन पॉइंटपासून वानखेडेपर्यंत निघालेल्या मिरवणुकीसाठी मरीन ड्राइव्हवर पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि स्टेडियममध्ये पंड्याच्या नावाचा गजर चालला होता. ज्या गॅलऱ्यांनी हुर्यो उडवली त्यांनीच हा गजर केला, आणि बदललेल्या मताबद्दल कोणी खुलासा देण्याच्या भानगडीत पडले नाही. रसिकतेत हा लबाडपणा मुरलेलाच असतो; जनसमुदायाच्या मानसशास्त्राचे दाखले देऊन तो झाकण्यात फारसा अर्थ नाही.

पॅरिस ऑलिम्पिकने रसिकाला पुन्हा विद्यार्थी केले. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या खेळांचे नियम दर वेळी नव्याने शिकावे लागतात, आणि हे शिकणे हाही त्या आनंदाचा मोठा भाग असतो. १ ऑगस्टला, गुरुवारी, दुपारी एकच्या सुमारास ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकाराची अंतिम फेरी सुरू झाली, तेव्हा कामाच्या वेळेत मोबाईल टेबलाखाली धरून पाहणाऱ्या अनेकांना या प्रकाराचा अर्थही ठाऊक नव्हता. नेमबाजाने आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे झोपून आणि शेवटी उभे राहून नेम धरायचा, प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण, आणि उभ्याने मारण्याच्या टप्प्यात सर्वांत कमी गुणांचा स्पर्धक एकेक करून बाहेर, अशी ही रचना आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्निल कुसाळे पात्रता फेरीत सातवा आलेला होता. अंतिम फेरीत तो गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावा आणि पालथ्या टप्प्यानंतर पाचवा होता. म्हणजे पदकाची आशा धरावी तर आणखी दोघांना मागे टाकायचे, आणि सोडून द्यावी तर अंतर दशांशाचे. ज्या स्थितीत रायफलचे वजन शरीराला सर्वाधिक जाणवते आणि श्वासागणिक नळी हलते, त्या उभ्या टप्प्यात तो तिसऱ्या क्रमांकावर चढला आणि ४५१.४ गुणांवर तिथेच टिकून राहिला.

हे कांस्यपदक पडद्यावर येताक्षणी महाराष्ट्रभर एकच आकडा फिरू लागला, तो म्हणजे ७२. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. खाशाबांना हेलसिंकीला जाता यावे यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तीच त्या दुपारी पुन्हा सांगितली गेली. कुसाळेच्या पदकाचा आनंद मोठा होताच, पण त्याची चव वेगळी लागली ती या सात हजारांमुळे.

सहाच दिवसांनी रसिकाला एकाच चोवीस तासांत दोन टोके पाहावी लागली. ७ ऑगस्टच्या दुपारी कुस्तीपटू विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी १०० ग्रॅम वजन अधिक भरल्याने अपात्र ठरली, आणि त्याच मध्यरात्रीनंतर, आपल्याकडे तारीख ८ झाली असताना, बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत उतरला. धावपट्टीवरचे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची ही शर्यत आहे, आणि तिच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोचलेला साबळे हा पहिला भारतीय पुरुष. तो अकरावा आला. अकराव्या क्रमांकासाठी रात्री एकनंतर जागणारे लोक या राज्यात होते, ही बाब पदकतालिकेत कुठेही नोंदली जात नाही. ऑगस्टअखेर सुरू झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारीने एफ-४६ गटात, अर्थात हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या गटात, १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक सहा सेंटिमीटरने हुकले. पॅरालिम्पिकमधील पुरुषांच्या गोळाफेकीत १९८४ नंतर भारताला मिळालेले हे पहिले पदक होते. त्याच वर्षी जूनमध्ये मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता, त्यामुळे १९७२ साली हायडेलबर्गमध्ये जलतरणाचे सुवर्ण जिंकणारा सांगली जिल्ह्याचा हा माणूस बहुतेकांना नुकताच कळलेला होता. वही अशी उशिराही भरता येते.

बुद्धिबळाचा आनंद शांत, पण भरपूर होता. नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिलमध्ये टोरांटोत, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत, हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवले. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळवले आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने आपल्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णही आणले. डिसेंबरात गुकेश सिंगापूरमध्ये जगज्जेता झाला.

ऑक्टोबरची सुरुवात लखनौमध्ये झाली. रणजी विजेता आणि शेष भारत यांच्यातील इराणी करंडक मुंबईने सर्फराज खानच्या नाबाद २२२ धावांच्या जोरावर पहिल्या डावातील आघाडीने जिंकला आणि १९९७ पासूनची २७ वर्षांची प्रतीक्षा संपवली. त्यानंतर न्यूझीलंडचा संघ आला. बंगळुरूत भारत ४६ धावांत गारद झाला, गहुंजेत मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि २०१३ पासून मायदेशात सलग १८ मालिका जिंकण्याचा क्रम पुण्याच्या वेशीवर तुटला. ३ नोव्हेंबरला वानखेडेवर १४७ धावा करायच्या असताना भारत १२१ वर संपला आणि ०-३ अशी नामुष्की पत्करावी लागली. या पराभवातही रसिकाला जे मिळाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. सामन्यात ११ बळी घेणारा एजाज पटेल हा मुंबईत जन्मलेला आणि लहानपणी न्यूझीलंडला गेलेला डावखुरा फिरकीपटू. याच मैदानावर २०२१ मध्ये त्याने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते. आणि त्याआधी भारताने मायदेशात शेवटची मालिका २०१२ मध्ये गमावली, तेव्हा वानखेडेवर इंग्लंडच्या माँटी पानेसरने घेतलेले बळीही ११ च होते, तोही डावखुरा फिरकीपटूच. हरलेल्या संध्याकाळी चर्चगेटच्या गाडीत ही जुळणी एकमेकांना सांगण्यात जी खुमारी असते, ती जिंकलेल्या संध्याकाळी असतेच असे नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया दौऱ्याने घड्याळ उलटे फिरवले. पर्थचा खेळ सकाळी पावणेआठनंतर सुरू होत असे, ब्रिस्बेनचा सहाच्या आधी आणि मेलबर्नचा पाचला, आणि थंडीत पांघरुणातून हात बाहेर काढून धावफलक पाहण्याचा जुना विधी पुन्हा सुरू झाला. पूर्वी तो रेडिओच्या खरखरीत होत असे, एवढाच फरक. रविवारी, २९ डिसेंबरला, बालेवाडीत प्रो कबड्डीची पुढची अंतिम लढत झाली. पुणेरी पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नव्हती, तरी पुण्याने हरियाणा स्टीलर्सला पाटणा पायरेट्सवर ३२-२३ असे जिंकताना पाहिले. दहा महिन्यांपूर्वी पुण्याकडूनच हरलेला हा संघ होता. त्यानंतर झोपलेला रसिक सोमवारी पहाटे पाचला पुन्हा उठला. मेलबर्नच्या शेवटच्या दिवशी यशस्वी जैस्वाल आणि ऋषभ पंत यांनी मधले सत्र एकही गडी न गमावता खेळून काढले, आणि मार्चमधल्या वाडकर-दुबे जोडीची आठवण असणाऱ्याला पुढे काय होणार याची धाकधूक तेव्हाच लागली. चहापानानंतर पंत उंच फटका मारून गेला. ८४ वर जैस्वालला तिसऱ्या पंचांनी झेलबाद ठरवले; बॅट वा ग्लोव्हला चेंडू लागल्याचा आवाज टिपणाऱ्या स्निकोमीटरची रेषा सपाट होती, पण चेंडूची दिशा बदललेली डोळ्यांना दिसत होती. तोवर सोमवारच्या कचेऱ्या भरल्या होत्या, भारत १५५ वर बाद झाला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून तो निर्णय बरोबर की चूक यावर दोन तट पडले होते.