ठोकळ्याभोवतालची पोकळी

दुचाकीवरचा सायकलस्वार खड्डा दिसताच चाक किंचित वळवून तो चुकवतो, आणि चुकवता आला नाही तर बैठकीवरून अंग उचलून धक्का पायांवर घेतो. परंतु रेलून चालवायच्या तीनचाकीवर, जिची पुढची दोन व मागचे एक अशी तीन चाके रस्त्यावर तीन निरनिराळ्या रेषा ओढत जातात आणि जिच्या बैठकीला स्वाराची पाठ खांद्यांपासून कमरेपर्यंत टेकलेली असते, हे दोन्ही मार्ग बंद होतात. एक चाक वाचवावे तर दुसरे खड्ड्यात सापडते, आणि मागच्या चाकाचा हिसका थेट कण्यात शिरतो. पावसाळा संपल्यावर पुण्याच्या रस्त्यांवर घरी जोडलेली अशी तीनचाकी पंधरवडाभर चालवली, आणि मग मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याला सांधा देऊन त्याखाली रबराचा ठोकळा बसवण्याची तजवीज हाती घेतली.

स्प्रिंग सोडून रबर घेण्याचे कारण असे की पोलादी स्प्रिंग घेतलेला धक्का जवळजवळ सगळा परत करते, त्यामुळे तिच्यासोबत तेलाचा शॉकअप लागतो. रबर मात्र धक्क्याचा काही अंश आपल्याच अंगात उष्णतेच्या रूपाने जिरवते, आणि जसजसे दाबावे तसतसे अधिक कठीण होत जाते. इंग्लंडात ॲलेक्स मोल्टन यांनी 1959 च्या मिनी मोटारीला रबरी शंकू दिले, आणि 1962 साली लहान चाकांची सायकल काढली तेव्हा तिच्याही मागच्या चाकाचा भार रबरावरच ठेवला.

माझ्या चिमट्याचा हिशेब साधा होता. सांध्यापासून चाकाचा आस 36 सेंमी आणि ठोकळ्याची जागा 12 सेंमी. म्हणजे चाकावर येणारा 30 किलोचा भार ठोकळ्यावर 90 किलो होऊन पडणार, आणि चाक 3 सेंमी वर उचलले गेले तर ठोकळा 1 सेंमी दबणार. एवढा तपशील कागदावर मांडून मी नाना पेठेत गेलो. तेथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांतून बुश, इंजिनाखालची माउंटिंगे, ट्रकचे बंप रबर असे नाना आकारांचे नमुने टोपल्यांतून पडलेले असतात, आणि गिऱ्हाईक ते हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहते. मीही तेच केले, आणि अंगठ्याला सुखद वाटला असा 40 मिमी व्यासाचा व तेवढ्याच उंचीचा मऊ ठोकळा घेऊन आलो. या कामात अंगठ्याची साक्ष ग्राह्य धरू नये, हे दुसऱ्याच दिवशी कळले. मी बैठकीत टेकताच ठोकळा दीड सेंटिमीटर खाली गेला, मधोमध भोपळ्यासारखा फुगला, आणि पहिल्याच गतिरोधकावर चिमटा चौकटीवर आपटला.

फुगणे हाच दोष, असा माझा ग्रह झाला. तो आवरावा म्हणून मी भवानी पेठेतल्या एका लेथवर ठोकळ्याला अगदी घट्ट बसेल अशी पोलादी वाटी कातून घेतली, आणि त्या वाटीसह गाडी रस्त्यावर आणली, तर मागचे चाक जणू दगडावर बसवले आहे असे वाटू लागले. वाटी परत घेऊन गेलो तेव्हा लेथवाल्या काकांनी ठोकळा आधी नुसताच, मग वाटीत घालून व्हाइसमध्ये धरला. नुसता असताना हँडल सहज फिरले, वाटीत एक आटाही पुढे जाईना. ते म्हणाले, “साहेब, रबर दबत नाही, सरकतं. त्याला सरकायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही.”

ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती, पण हातांना ठाऊक नव्हती. रबराचा आकार बदलतो, आकारमान जवळपास बदलत नाही. 40 मिमी उंचीचा ठोकळा 30 मिमीवर आणला, तर 40 मिमीचा व्यास सरासरीने 46 मिमी झालाच पाहिजे, आणि पोट त्याहूनही पुढे येते. म्हणून निवड रबराची करावयाची तशीच त्याच्या सभोवतालच्या रिकाम्या जागेचीही करावयाची असते, आणि ही दुसरी निवड, माझ्या मते, अधिक विचाराची आहे.

वाटीचे तोंड मग 52 मिमीपर्यंत मोठे करून घेतले. भोसरीत रबराचे साचेकाम करणाऱ्या एका परिचिताने कठिणता मोजणाऱ्या शोअर मापकाची टोचणी माझ्या मऊ ठोकळ्यावर टेकवली तेव्हा काटा 40 वर थांबला. टायरच्या पाठीचे रबर साधारण 60 ते 70 भरते. त्याने दोन मिश्रणांचे, 60 कठिणतेचे ठोकळे पाडून दिले: एक नैसर्गिक रबराचा, दुसरा तेलाला दाद न देणाऱ्या नायट्राइलचा. दोन्हींचे नखाएवढे तुकडे मी रात्रभर रॉकेलमध्ये ठेवले. सकाळी नैसर्गिक रबराचा तुकडा फुगून मऊ, बुळबुळीत झाला होता. नायट्राइलचा जवळजवळ तसाच होता. साखळीचे तेल मागच्या ठोकळ्यावर ठिबकतेच, तेव्हा व्यवहारदृष्ट्या नायट्राइलच घ्यावे असे कोणीही म्हणेल. परंतु दोन्ही ठोकळ्यांवर एकाच उंचीवरून छऱ्याची पोलादी गोळी सोडली, तर नैसर्गिक रबरावरून ती स्पष्टपणे अधिक वर उसळे, आणि गाडीवरही त्याचे परतणे अधिक चपळ वाटे. लागोपाठ येणाऱ्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पुढच्या धक्क्याआधी चिमटा जागेवर यायला हवा, म्हणून मी नैसर्गिक रबर कायम केले आणि साखळीच्या बाजूला रेक्झिनचा पडदा शिवून लावला.

आता मी बैठकीत टेकलो की ठोकळा 7 मिमी दबतो, आणि पोट व वाटी यांच्यामध्ये बोटाचे नख सरकेल एवढी फट राहते. दर महिन्याच्या एक तारखेला चिमटा सोडवून व्हर्नियरने मी त्याची उंची घेतो व वहीत टिपतो. पहिल्या महिन्यात 40 ची 39.2 झाली, दुसऱ्यात 38.9; तेव्हा खाली 1 मिमीचा एक वायसर घातला. तिसऱ्या महिन्यातही आकडा 38.9 च आला.