आधी खांब, मग खोल्या

बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्याची मापं फुटांत घेतली की आकडे वेडेवाकडे येतात. खणांत मोजलं की सगळं जुळतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. वरची तुळई, तिच्यावरच्या कड्या, दारं, कोनाडे, सगळं त्याच हिशेबानं बसवलेलं असतं. आत्याच्या घराच्या दुरुस्तीची तयारी मी जवळून पाहिली. मिस्त्रींनी कागदावर सर्वात आधी खांब काढले, खोल्या नंतर. "वजन कुठून उतरतंय ते कळू दे. स्वयंपाकघर कुठं करायचं ते मग काकू सांगतील," ते म्हणाले.

या क्रमामागे कारण आहे. आपल्याकडच्या वाड्यांचं जोतं दगडी, सांगाडा सागवानी आणि मधला भराव विटांचा. भिंत दोन हात जाड दिसते म्हणून तिच्यावर भार आहे असं वाटतं, आणि कुणीतरी कपाटाच्या फळ्यांत झाकून टाकलेला खांब अडगळ वाटतो. प्रत्यक्षात अनेकदा माडीचा भार त्या खांबावरच असतो. खोली मोठी करायची म्हणून असा खांब काढणं म्हणजे घराचा पाय काढणं.

मग लाकडाची तपासणी. मिस्त्री छोट्या हातोडीनं तुळईवर टोले देत पुढे सरकत होते. टणक आवाज आला की पुढे; आवाज बसका आला की तिथं खडूची खूण आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत घालून पाहणं. मधोमध बहुतेक लाकूड ठणठणीत निघालं. खराबी होती ती भिंतीत शिरलेल्या टोकांना, आणि तीही मोरीच्या बाजूला. जुन्या माडीवर कडीपाट, त्यावर मातीचा थर. त्यावर पुढच्या पिढ्यांनी फरशी घालून न्हाणीघर केलं. झिरपलेलं पाणी मातीत मुरतं, तुळईचं टोक कुजतं आणि मागोमाग वाळवी येते. म्हणून नव्या आराखड्यात पाण्याच्या सगळ्या जागा एकाच बाजूला, तळापासून वरपर्यंत एका ओळीत घेतल्या. घराच्या दृष्टीनं हा निर्णय मला सर्वात मोलाचा वाटतो. भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. पट्टी तडकली तर भेग अजून वाढतेय असं समजायचं, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला पुन्हा बोलवायचं.

गिलाव्यावरून घरात वाद झाला. सिमेंट झटपट होतं, पण मातीत रचलेल्या विटांवर ते बसलं की भिंतीतली ओल आतच कोंडते. चुन्यातून ती बाहेर पडते. चुन्याला मात्र घाई चालत नाही. कळी पाण्यात विरवून मुरत ठेवावी लागते. म्हणजे गिलाव्याचं काम गवंडी येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. मी चुन्याच्या बाजूनं बोललो, आणि अजूनही त्याच बाजूचा आहे.

विजेचं काम लांबणीवर टाकायचं नाही यावर मात्र एकमत होतं. 1879 मध्ये बुधवार वाडा आगीत गेला आणि विश्रामबागवाड्यालाही मोठी झळ बसली, हे इथं जुन्या घरांतून माहीत असतं. सागवानावर ठोकलेल्या पट्ट्यांतली जुनी वायर बदलायची यादी घेऊन आम्ही तपकीर गल्लीत गेलो. हाकेच्या अंतरावर सगळं मिळतं, हे पेठेत राहण्याचं सुख.

सामान घरापर्यंत आणणं मात्र अवघड. बोळात टेम्पो शिरत नाही. वाळू हातगाडीनं आत आणि राडारोडा हातगाडीनंच बाहेर. गणपतीच्या दिवसांत, दगडूशेठ आणि तांबडी जोगेश्वरी इतक्या जवळ असताना, तेही बंद. परवानगीचा प्रश्न घराच्या जागेनुसार बदलतो. शनिवारवाडा संरक्षित स्मारक असल्यानं त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या 200 मीटरमध्येही मंजुरी घ्यावी लागते. 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर हे नियम अधिक कडक झाले. पेठेच्या उत्तर टोकाला राहणाऱ्यांनी मिस्त्री गाठण्याआधी हे अंतर मोजून घ्यावं.

खालच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, पण टेकू लावल्यावर त्या खोल्यांत राहता येणार नव्हतं. कुठे जायचं, परत कधी यायचं, खोली तीच मिळणार का, हे सगळं आत्यानं कागदावर लिहून दिलं. तोंडी शब्दावर माणसं घर सोडत नाहीत, आणि सोडूही नये.

सुरुवात छपरापासून करायची होती, मृग लागायच्या आत. मंगलोरी कौलांची खाच कारखान्यागणिक वेगळी असते. नवी कौलं जुन्यांत नीट बसत नाहीत, आणि त्या फटीतून पाणी थेट वाशावर येतं. म्हणून एका पाडलेल्या वाड्याची, त्याच छापाची कौलं आधीच विकत घेऊन चौकात रचून ठेवली. मिस्त्रींनी त्यातलं एकेक वाजवून पाहिलं आणि चिरलेली बाजूला काढली.