‘दाखला आणा, मग नाव घालू’

दिवाळी झाली की लोणार, सिंदखेडराजा, मेहकर या भागांतली अनेक कुटुंबं ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. पोरंही सोबत निघतात. नव्या गावात शाळेत गेलं की ऐकू येतं, ‘दाखला आणा, मग नाव घालू.’ ही अट कायद्यात कुठेच नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नसला तरी अडवता येत नाही (कलम 14), आणि मूल वर्षाच्या मध्येच आलं तरी नाही (कलम 15). पालकांना हे माहीत नसणं समजू शकतं. टेबलापलीकडच्या माणसाला माहीत नसतं, त्याचं काय करायचं?

‘दहा वर्षांचं पोर पहिलीत बसवायचं का?’ बसवायचंच नाही. कलम 4 प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा. चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच. आई-बाप गेले म्हणजे पोरानं जायलाच हवं, असंही नाही. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाखाणाची सोय व्हावी म्हणूनच हंगामी वसतिगृहाची योजना आहे.

सगळ्यात चिवट समज मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी भेटतो: ‘आदिवासी पोरांना अभ्यासात गती नसते.’ जळगाव जामोद तालुक्यातल्या काही पाड्यांवर निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी जिचं नातं सिद्ध झालेलं नाही, अशी ही भाषा, आणि बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. शेजारची कोरकू मुंडा गटातली, म्हणजे मराठीपेक्षा संथाळीला जवळची. अशा घरातलं सहा वर्षांचं मूल पहिलीत येतं तेव्हा अक्षरं आणि भाषा दोन्ही एकदमच शिकत असतं. निहाली माणसं तर सहसा कोरकू आणि मराठी-हिंदीही बोलतात. तीन-चार भाषा सांभाळणाऱ्यांच्या पोरांना मंद म्हणायला भलतंच धाडस लागतं! शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं, असं कलम 29 सांगतं. पण ‘शक्य तिथे’ या दोन शब्दांच्या आडोशाला आपण निवांत बसलो आहोत.

अपंग मुलाची जागा विशेष शाळेतच, हाही गैरसमज. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकता येतं. विशेष शाळा निवडायची की नाही, ते घरच्यांनी ठरवायचं.

खासगी शाळांतल्या दुर्बल-वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव 25 टक्के जागा म्हणजे संस्थाचालकांचा दानधर्म, असं समजणाऱ्यांनी 2024 आठवावं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना सूट, असा बदल राज्य सरकारनं फेब्रुवारीत केला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला.

प्रवेश नाकारलाच तर लेखी तक्रार करावी. गावासाठी ती जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे द्यायची आणि पोच घ्यायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं.