झोपणाऱ्या झाडांची बाग

जव्हारच्या आमच्या घरामागे एक जुना आंबा आहे. शाळेतल्या नोकरीच्या निमित्ताने आम्ही हे घर घेतले, तेव्हा त्या आंब्यावर मी खूश होते. पुढे लक्षात आले की, आंब्याखाली दुसरे काहीच येत नाही. गुलाब वाढला, पण उसासारखा उंच झाला आणि फुलाचे नाव नाही. शेवंती कुजली. हिरवळ लावायचा प्रयत्न केला, तर पहिल्याच पावसात तिथे शेवाळ आले आणि आमच्या घरातले ज्येष्ठ मंडळी त्यावरून घसरले. मग एका रोपवाटिकेतून 'सावलीतली झाडे' म्हणून दोन खोकी भरून रोपे आणली. कॅलाथिया, सिंगोनियम, रंगीत पानांची आणखी काही. श्रावणात त्यांनी बागेला जी शोभा आणली, ती पाहून शेजारच्या काकू मुद्दाम चहाला आल्या.

ही शोभा होळीपर्यंत टिकली. मार्चमध्ये विहिरीने तळ दाखवला. एप्रिलमध्ये मी स्वयंपाकघरातले धुण्याचे पाणी बादलीने त्या कॅलाथियांना घालत होते आणि कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बायका चालल्या होत्या. त्यांतल्या कुणी काही बोलल्या नाहीत. पण बादली रिकामी करताना माझाच हात आखडला. मे महिन्यात ती झाडे मेली, आणि खरे सांगायचे तर मला थोडे सुटल्यासारखेच वाटले.

ज्याने हा प्रदेश फक्त पावसाळ्यात पाहिला आहे, त्याला हे पटणार नाही. पर्यटक येतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, दाभोसाचा धबधबा पाहायला. जव्हार सुमारे दीड हजार फूट उंचीवर; मोखाड्यातले सूर्यमाळ त्याहून वर. इथे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस कोसळतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उताराची जमीन. पाणी आले तसे पिंजाळ, वाघ, वैतरणा या नद्यांतून निघून जाते. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झाले ते मोखाडा तालुक्यातच, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. अशा ठिकाणी बारमाही हिरवी बाग हवी असा हट्ट धरणे मला तरी त्या एप्रिलनंतर जमले नाही.

मग बागच करायची नाही का? हा प्रश्न माझा सुटला तो आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एका मावशींमुळे. बाजूच्या पाड्यावरच्या. त्यांनी माझी बादली पाहिली होती. म्हणाल्या, "बाई, रानातली सावलीतली झाडं आता निजलीत. निजल्या माणसाच्या तोंडात कुनी पानी घालतं का?"

मी त्यांच्यासोबत जंगलात गेले. मे महिन्याचे दिवस. साग, ऐन, मोह यांच्याखाली नुसता पाचोळा. मावशींनी काठीने पाचोळा बाजूला केला, चार बोटे माती उकरली आणि खालचा गड्डा दाखवून पुन्हा झाकून टाकला. दहा पावले पुढे दुसरा. अख्खी जमीन लावलेली होती. मला दिसत नव्हती एवढेच.

या झाडांचा हिशेब मोठा शहाणपणाचा आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी सागाला-ऐनाला पुरती पालवी फुटलेली नसते, छत विरळ असते. तेवढ्यात ही मंडळी डोके वर काढतात, कित्येकदा पानाआधी फूलच येते. मग वर छत दाट होते, तेव्हा रुंद पाने पसरून मिळेल तो उजेड गोळा करायचा, मिळवलेले सारे कंदात साठवायचे आणि दिवाळीपर्यंत पाने पिवळी करून झोपी जायचे. पुढचे सहा-सात महिने ना पाणी मागायचे, ना ऊन. युरोपातल्या ओकच्या जंगलात ब्लूबेल नावाची निळी फुले वसंतात असाच डाव खेळतात. तिथे झाडांना पाने फुटायच्या आत उरकून घेतात. आपल्याकडे वसंताऐवजी मृग नक्षत्र, इतकाच फरक.

तेव्हा सावलीच्या कोपऱ्यासाठी झाडे निवडताना आधी सावली ओळखावी. साग, मोह, पांगारा अशा पानझडी झाडाखालची सावली फक्त पावसाळ्यातच असते आणि कंदवर्गी झाडांना तीच हवी. आंब्या-फणसाखालची सावली बारमाही, शिवाय तिथली जमीन कोरडी. खोडाजवळ तर ऐन पावसातही माती भिजत नाही आणि वरच्या थरात मुळांचे जाळे असते. तिथे खोडाला चिकटून लावण्याचा खटाटोप करू नये. फांद्यांच्या टोकांवरून पाणी जिथे गळते, तिथून सुरुवात करून आत सरकावे. तिसरी सावली घराच्या उत्तर भिंतीची. तिथे पागोळ्यांनी माती उडते आणि खड्डे पडतात, म्हणून पागोळ्यांच्या रेषेत फुटक्या कौलांचे तुकडे पसरावेत आणि झाडे त्याच्या मागे लावावीत.

आता झाडे. माझी सर्वांत लाडकी रानहळद. आपल्या हळदीचीच बहीण, पण फूल असे की बघत राहावे: गुलाबी-जांभळ्या टोपीखाली पिवळी फुले बसलेली. पाने हातभर लांब, पावसाळाभर जमीन पूर्ण झाकतात. आंब्याच्या गळतीच्या रेषेत मी वीतभर अंतरावर कंद लावले, तीन वर्षांत मधली जागा भरून गेली. फूल नको, उत्पन्न हवे, असे म्हणणाऱ्यांनी साधी हळद किंवा आंबेहळद लावावी. विरळ सावलीत ती छान येते. गेल्या तीसेक वर्षांत 'बाएफ'च्या वाडी कार्यक्रमातून या दोन तालुक्यांत आंबा-काजूच्या कितीतरी वाड्या उभ्या राहिल्या. त्या झाडांच्या मधल्या पट्ट्यात हळद आणि सुरण ही जोडी कुणालाही करून पाहण्यासारखी आहे.

ओलसर कोपऱ्यात पेव लावावा. त्याचे खोड जिन्यासारखे वळत वर जाते, श्रावण-भाद्रपदात लाल कणसावर पांढरीशुभ्र कागदी फुले येतात. कंदाचा तुकडा किंवा खोडाचे पेर, काहीही लागते. पण कमरेच्या वर वाढतो, म्हणून मागच्या रांगेत. पुढे भुईचाफा हवाच. एप्रिल-मेमध्ये, बागेत धूळ उडत असताना, पाने नाहीत, देठ नाही, अशी पांढरी-जांभळी सुवासिक फुले थेट मातीतून उमलतात. अंगणातल्या पायवाटेजवळ लावावा. नाहीतर फूल येऊन जाते आणि कळतही नाही. माझे पहिले फूल मी झाडू मारताना झाडूखालीच घेतले.

जमिनीलगत पसरणारे काही हवे असेल तर मोरीचे पाणी जाते तिथे कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. गोल नाण्यांसारख्या पानांची चटई होते, चटणीही होते. मात्र पाणी थांबले की तो आक्रसतो, म्हणून सांडपाण्याच्या वाटेबाहेर त्याला लावू नये. त्याच्या शेजारी अळू. आपल्या आज्यांनी मोरीमागे अळू लावला तो काही बागेच्या शास्त्राची पुस्तके वाचून नव्हे, पण निवड अचूक होती. जांभ्याच्या वा दगडाच्या भिंतीत हंसराज आपला आपण येतो. खरवडून काढला नाही म्हणजे झाले. आणि घरात देवपूजा असेल तर अर्धवट सावलीत आबोली. ती झोपत नाही, पण थोडक्या पाण्यात उन्हाळा काढते.

काय लावू नये हेही सांगते. पिवळ्या फुलांचा वेडेलिया 'जमीन झाकणारे झाड' म्हणून सर्रास विकला जातो. झाकतो खरा, पण मग ओढ्याकाठी उतरतो आणि तिथले सगळे गिळतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुकांच्या यादीत त्याचे नाव आहे. मनी प्लांट जमिनीत सोडू नये, तो आंब्यावर चढतो आणि त्याची पाने सुपाएवढी होतात. आणि लहान मुले असतील तर कळलावीचा मोह टाळावा. तिचे लाल-पिवळे फूल कितीही देखणे असले तरी कंद जीवघेणा विषारी असतो, आणि तो रताळ्यासारखा दिसतो ही आणखी पंचाईत.

एक झाड मी मुद्दाम मागे ठेवले. फोडशी, इकडे तिला कुळूची किंवा कोळीची भाजीही म्हणतात. पहिल्या पावसानंतर विरळ सावलीत, गवतासारख्या पानांचे झुपके येतात, आषाढात पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांचा तुरा. बायका कोवळी पाने खुडून आणतात, बाजारात वाटे लावतात, घरात भाजी होते. मूळ मातीत राहते, पुढच्या वर्षी पुन्हा पान. पण तिच्याच एका जातीच्या मुळ्या म्हणजे सफेद मुसळी. १९५५ साली फादर संतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि बोरिवलीवरून तिला 'बोरिविलिएनम' हे नाव दिले. मुंबईच्या उपनगराचे नाव मिरवणारी ही वनस्पती शक्तिवर्धक म्हणून इतकी खपली की रानोमाळ मुळासकट उपटली गेली. पान खुडणारीचे झाड दरवर्षी उगवते. मूळ उपटणाऱ्याचे एकदाच मिळते. आणि मुसळी गेली की पाड्यावरच्या घरातली जूनची भाजीही जाते. त्या दिवसांत घरातले धान्य संपत आलेले असते आणि नवे आलेले नसते, तेव्हा ही भाजी म्हणजे चवीचा प्रश्न नसतो.

गंमत बघा. शहरातल्या बाल्कन्यांत टांगलेले पांढऱ्या पट्ट्यांचे स्पायडर प्लांट आपण पाहतो ना, ते फोडशीचे सख्खे भावंड, एकाच प्रजातीतले, मूळ आफ्रिकेचे. त्या पाहुण्याला आपण पैसे मोजून खत घालतो.

म्हणूनच माझी एक विनंती आहे. हे वाचून कुणी गाडीत कुदळ टाकून जव्हारच्या रानात येऊ नये. ब्रिटनमध्ये १९९८ पासून रानातले ब्लूबेलचे कंद उकरून विकायला कायद्याने बंदी आहे. आपण निदान मनाने तेवढे पाळावे. रानहळद, पेव, भुईचाफा यांचे कंद दर दोन-तीन वर्षांनी वेगळे करावेच लागतात, तेव्हा ज्याच्या अंगणात आहेत त्याच्याकडे मागावेत. फोडशीचे बी थोडेच उगवते, पण उगवते. लागवड करणाऱ्याकडून मुळ्या घेतल्या तर प्रत्येक मुळीला वरच्या गड्ड्याचा तुकडा हवा, नाहीतर ती फुटत नाही.

लावणीची वेळ मेचा शेवटचा आठवडा. हळदवर्गी कंद तीन बोटे खोल, मोठे गड्डे वीतभर खोल. पाचोळा जाळू नये. भाताच्या रोपवाटिकेत राब जाळायला इकडे पालापाचोळा लागतो, तो गोळा होतच असतो. पण झोपलेल्या कंदांवरचे पांघरूण तेवढे राहू द्यावे. आंब्याचे पान चिवट असते, ते हाताने चुरून टाकले तर लवकर कुजते. पाचोळ्यात साप-विंचू येतात, म्हणून मुलांच्या वाटेवरचा आणि दारासमोरचा भाग स्वच्छ ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुणा कराव्यात. मी केल्या नव्हत्या. एका फेब्रुवारीत पाइप टाकायला आलेल्या गड्याने रानहळदीची पूर्ण रांग खणून कचऱ्यात टाकली. मी ओरडले तर तो बिचारा म्हणाला, "बाई, इथं तर काहीच नव्हतं." आता प्रत्येक गड्ड्याजवळ चुन्याने रंगवलेला एकेक दगड आहे. पाहुणे विचारतात, हे काय, कुत्री पुरलीत का?

हे सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. दिवाळीपासून जूनपर्यंत माझ्या बागेत आबोलीचे चार ताटवे, मोरीमागचा अळू आणि पांढरे दगड एवढेच असते. शेजारच्या काकू आता चहाला येतात त्या फक्त श्रावणात. साळिंदराने एकदा कुंपणाखालून येऊन निम्मे कंद फस्त केले. आणि डोळ्यांना रिकाम्या मातीची सवय व्हायला मला दोन उन्हाळे लागले. हातात पाण्याची बादली नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखे व्हायचे.

मावशींनी मला सगळ्यांत शेवटी दिला तो शेवळा. हा सुरणाचा रानटी भाऊ, पश्चिम घाटातला. पहिल्या सरींबरोबर जमिनीतून जांभळट टोकदार फूल सुळक्यासारखे वर येते, पान नंतर छत्रीसारखे उघडते. त्या फुलाची भाजी करतात, पण घशाला खाजते. म्हणून काकडाची आंबट फळे घालतात. काकड म्हणजे आपली काकडी नव्हे, रानातल्या मोठ्या झाडाची गोल फळे. बाजारात शेवळ्याच्या जुडीबरोबर ती मिळतातच. गड्डा देताना मावशी म्हणाल्या होत्या, दोन-तीन वर्षं त्याच्याकडं बघू नको.

मी पाहिले नाही. तिसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस पडला, आणि चौथ्या सकाळी आंब्याखाली, पांढऱ्या दगडांच्या मधोमध, तीन शेवळे उभे होते. मावशी दारात भाजीची टोपली उतरवत होत्या, त्यांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिले, त्यांतले दोन खुडले, टोपलीतून मूठभर काकड काढून माझ्या हातावर ठेवले आणि तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो राहू दे. बी धरंल."