सवडीची नभोवाणी

महाविद्यालयीन नभोवाणी म्हटली की हौशी मुलांनी फावल्या वेळात चालविलेला, गाण्यांच्या फर्माइशी आणि स्नेहसंमेलनाच्या घोषणा यांपलीकडे फारसा न जाणारा एक किरकोळ उद्योग, अशी जी समजूत आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे, ती ज्या एका केंद्राच्या इतिहासापुढे क्षणभरही टिकत नाही, त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील 'डब्ल्यूकेसीआर' या विद्यार्थी-केंद्राच्या वाटचालीचा हा मागोवा आहे. १९४१ साली स्थापन झालेले आणि आज ८९.९ मेगाहर्ट्झवर ऐकू येणारे हे केंद्र विद्यार्थी चालवितात. ते येतात, तीन-चार वर्षे ध्वनिक्षेपकापाशी बसतात, पदवी घेतात आणि निघून जातात. आणि तरीही नवसंगीत, जाझ आणि प्रत्यक्ष विद्यापीठाच्या आवारात घडलेल्या घटना या तिन्ही बाबतींत त्या केंद्राने जे करून ठेवले आहे ते मोठमोठ्या पगारी नभोवाणी-संस्थांनाही साधलेले नाही. याचे कारण माझ्या मते एकच आहे, आणि ते म्हणजे या केंद्रापाशी असलेली सवड. ज्याचा प्रत्येक सेकंद विकावयाचा नाही असा वेळ हाती असला म्हणजे माणसे काय करू शकतात, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरीकडे आढळलेला नाही.

ही सवड आपोआप मिळालेली नव्हती. ज्या एफ्एम् पद्धतीने आज जगभर संगीत निर्मळपणे ऐकू येते, तिचा शोध लावणारे एडविन आर्मस्ट्राँग हे याच विद्यापीठात प्राध्यापक होते आणि फिलॉसॉफी हॉल या इमारतीच्या तळघरात त्यांची प्रयोगशाळा होती. १९३३ च्या अखेरीस त्यांना या पद्धतीचे एकस्व मिळाले. परंतु १९४५ साली अमेरिकी सरकारच्या दळणवळण आयोगाने एफ्एम् प्रक्षेपणाचा पट्टा मूळ जागेवरून उचलून वर नेण्याचा हुकूम काढला, आणि तोवर विकली गेलेली सगळी ग्राहकयंत्रे एका फटक्यासरशी निकामी ठरली. एकस्वाच्या दाव्यांनी आणि आर्थिक ओढाताणीने जेरीस आलेल्या आर्मस्ट्राँग यांनी ३१ जानेवारी १९५४ रोजी आपल्या हातांनी आयुष्य संपविले. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी ते दावे पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालविले आणि जिंकले. या दुःखद प्रकरणातली एक गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. नव्या पट्ट्याची आखणी करताना ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा त्याचा आरंभीचा भाग आयोगाने शैक्षणिक, बिगर-व्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवला. संशोधकाचे जन्माचे नुकसान करणाऱ्या त्या व्यवस्थेतच विद्यार्थ्यांच्या नभोवाणीची सनद दडलेली होती, आणि आर्मस्ट्राँग यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९५६ साली, त्यांच्याच विद्यापीठातील मुले त्यांच्याच पद्धतीने प्रक्षेपण करू लागली.

त्याआधीच या केंद्राने नवसंगीताच्या इतिहासात आपले नाव नोंदविलेले होते, आणि तो प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. १९५१ साली कोलंबियाच्या संगीत विभागाने मैफलींच्या मुद्रणाकरिता म्हणून 'अँपेक्स' कंपनीचे एक टेपरेकॉर्डर यंत्र खरेदी केले आणि ते सांभाळण्याचे काम व्लादिमीर उसाचेव्स्की या तरुण अध्यापकाकडे सोपविले. मांचुरियात रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या या संगीतकाराला त्या यंत्रात मुद्रणापलीकडचे काही दिसले: पियानोचा खर्जातला स्वर मुद्रित करून फीत कमी वेगाने फिरविली, तर तो स्वर आणखी खाली उतरून कोणत्याही वाद्यातून आजवर न निघालेल्या नादात परिणत होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. येथे विद्यार्थी-केंद्राचा तंत्रज्ञ पीटर मॉझी त्यांच्या मदतीस आला. त्याने एक जोडयंत्र तयार केले, ज्यामुळे मुद्रित झालेला नाद फितीवरून वाचला जाताच पुन्हा मुद्रण-शीर्षाकडे परत पाठविता येई आणि तो स्वतःवरच थर चढवीत, क्षीण होत होत, अनेक पडसादांनी भरून जाई. एका सुट्या आघातातून अशी आवर्तनांची मालिका उमटत राहते, आणि ऐकणाऱ्याला वाद्य कोणते होते याचा विसर पडतो. ९ मे १९५२ रोजी विद्यापीठाच्या मॅकमिलिन नाट्यगृहात उसाचेव्स्कींनी हे प्रयोग श्रोत्यांसमोर मांडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांची आणि त्यांचे सहकारी ऑटो ल्यूनिंग यांची फीत-संगीताची मैफल झाली. आणि पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या पावणेदोन लाख डॉलरांच्या अनुदानातून कोलंबिया व प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांचे संयुक्त इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्र उभे राहिले. ज्याच्या नावाचे संश्लेषक-वाद्य पुढे जगभर वाजले तो रॉबर्ट मूग हाही याच विद्यापीठातून अभियंता होऊन बाहेर पडला. विद्यार्थी-केंद्राच्या हौशी तंत्रज्ञाने जुळविलेल्या त्या यंत्राला या सगळ्याच्या मुळाशी जागा द्यावी लागते.

नवसंगीताशी जडलेले हे नाते केंद्राने पुढे सोडले नाही. दुपारच्या वेळी 'आफ्टरनून न्यू म्यूझिक', रविवारी रात्री कलावंतांना थेट कक्षात आणून वाजवावयास लावणारे 'लाइव्ह कन्स्ट्रक्शन्स', मध्यरात्रीनंतर 'ट्रान्सफिगर्ड नाइट' असे त्याचे स्वतंत्र कार्यक्रम आहेत. त्यांतले पुष्कळसे संगीत कानाला रुचत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. काही वेळा तर ते संगीत आहे की गिरणीतल्या यंत्रांचा कोलाहल, असाही प्रश्न पडतो. पण नवे संगीत पहिल्यांदा ऐकू येते तेव्हा ते असेच असते, आणि ते कोणीतरी, केव्हातरी, श्रोत्यांची संख्या न मोजता वाजविल्याखेरीज त्यातले काय टिकणार हे ठरतच नाही. १९९० ते १९९८ या काळात दर आठवड्याला एके दिवशी मध्यरात्रीनंतर एक वाजता सुरू होऊन पहाटे पाचपर्यंत चालणारा, स्ट्रेच आर्मस्ट्राँग व बॉबिटो यांचा हिप-हॉपचा कार्यक्रम हे त्याचे उत्तम उदाहरण. नास, जे-झी, बिग एल, वू-टँग क्लॅन यांच्यासारखी जी नावे पुढे घरोघरी पोहोचली, ती त्या वेळी कोणत्याही व्यापारी केंद्राच्या दारात उभी राहू शकत नव्हती. या कक्षात मात्र ती येत, ध्वनिक्षेपक हाती घेत आणि जागच्या जागी रचना करीत. १९९८ साली 'द सोर्स' या हिप-हॉपला वाहिलेल्या मासिकाने त्या कार्यक्रमाला आजवरचा सर्वोत्तम हिप-हॉप नभोवाणी कार्यक्रम म्हणून गौरविले. मध्यरात्रीनंतरचे ते चार तास कोणाला विकावयाचे असते, तर हे घडले नसते.

तथापि या केंद्राचा आत्मा जाझमध्ये आहे, आणि जाझविषयी बोलताना फिल शाप या नावापाशी थांबणे भाग आहे. १९५१ साली क्वीन्स उपनगरात जन्मलेला हा मुलगा १९७० मध्ये विद्यार्थी म्हणून केंद्रात दाखल झाला आणि पदवी घेऊनही तेथून गेला नाही. १९८१ पासून कामाच्या दिवशी रोज सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी त्याचा 'बर्ड फ्लाइट' हा कार्यक्रम सुरू होई, आणि त्याचा विषय एकच असे: सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर. पार्कर जगला अवघी चौतीस वर्षे. शापने त्याच्यावर चाळीस वर्षे भाष्य केले. तीन मिनिटांची एक ध्वनिमुद्रिका लावावयाची, आणि मग ती कोणत्या दिवशी, कोणत्या कक्षात मुद्रित झाली, तबल्याच्या जागी असलेल्या ढोलांवर कोण बसला होता, आधीचा फसलेला प्रयत्न कोठे अडखळला आणि का टाकून दिला गेला, याचा खुलासा तिच्या कितीतरी पट वेळ करीत बसावयाचे, अशी त्याची वहिवाट होती. व्यापारी नभोवाणीच्या कारभाऱ्याने याला एका आठवड्यात निरोप दिला असता. विद्यार्थ्यांनी त्याला ७ सप्टेंबर २०२१ रोजी त्याचा मृत्यू होईपर्यंत ठेवून घेतले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्याला जाझ-आचार्याचा बहुमान दिला होता.

शापची ही चिकाटी हळूहळू केंद्राचा शिरस्ता बनली. थोर संगीतकाराच्या जन्मदिवशी नेहमीचे सर्व कार्यक्रम तहकूब करून चोवीस तास केवळ त्याचेच संगीत वाजवावयाचे, ही तेथली वार्षिक प्रथा आहे. लेस्टर यंगचा जन्म २७ ऑगस्टचा आणि पार्करचा २९ ऑगस्टचा, म्हणून दोघांचा मिळून सलग तीन दिवसांचा सोहळा होतो. लुई आर्मस्ट्राँग आपला जन्मदिवस ४ जुलै असल्याचे सांगे, परंतु त्याच्या पश्चात बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून तो ४ ऑगस्ट असल्याचे उघड झाले. केंद्राने दोन्ही दिवस साजरे करण्याचा तोडगा काढला, यात मला त्या मुलांचे मन दिसते. वर्षअखेरीस बाखचे संगीत दिवसचे दिवस अहोरात्र चालते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी रात्र-रात्र बसून राग पहाटेपर्यंत उमलताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या प्रथेचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: दीर्घ वेळ बसल्याखेरीज काही गोष्टी कानाच्या हाती लागत नाहीत. आपल्या संगीतालाही या केंद्रात जागा आहे; 'राग और ताल' हा कार्यक्रम त्याच्या साप्ताहिक पत्रिकेत आहे, आणि रागाला लागणारी उसंत तेथे मागून घ्यावी लागत नाही.

 

एका विषयापाशी शेवटपर्यंत बसून राहण्याची ही सवय संगीतापुरतीच राहिली नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये, मॉर्निंगसाइड उद्यानात विद्यापीठाने बांधावयास घेतलेली व्यायामशाळा आणि युद्धविषयक संशोधनाशी असलेले त्याचे संबंध यांच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलसह पाच इमारतींचा ताबा घेतला, तेव्हा केंद्राच्या वार्ताहरांनी घडत असलेल्या गोष्टी तेथल्या तेथे सांगितल्या. ३० एप्रिलच्या पहाटे पोलिसांनी इमारती रिकाम्या केल्या आणि सुमारे सातशे जणांना अटक झाली. बरोबर छप्पन्न वर्षांनी, ३० एप्रिल २०२४ रोजी, गाझामधील युद्धाविरुद्ध तंबू ठोकून बसलेल्यांपैकी काहींनी त्याच हॅमिल्टन हॉलचा ताबा घेतला, आणि रात्री नऊच्या सुमारास पोलिसांची मोठी कुमक आवारात शिरली. आवाराची फाटके बाहेरच्यांसाठी बंद होती आणि बाहेरच्या वृत्तपत्रांच्या व दूरचित्रवाणीच्या प्रतिनिधींना आत येण्यास मज्जाव होता; त्यामुळे आत काय चालले आहे हे सांगणारे जे थोडे आवाज उरले, त्यांत विशी-बाविशीच्या या मुलामुलींचे आवाज होते. पोलिसांची गाडी कोठे उभी आहे, तिच्या शिडीवरून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अधिकारी कसे आत जात आहेत, आपल्याला कोठवर मागे रेटण्यात आले आहे, हे ती घाईगडबड न करता, दिसले तेवढेच, दिसले तसे सांगत होती. ऐकणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की केंद्राचे संकेतस्थळ तो भार पेलू शकले नाही. त्या आंदोलनाविषयी मतभेद होते आणि राहतील. त्या रात्रीच्या वार्तांकनाची प्रतिष्ठा मात्र मतभेदांवर अवलंबून नाही. बर्ड फ्लाइटच्या श्रोत्यांना त्या आवाजांतली शिस्त ओळखीची वाटली असेल, असे मला मनापासून वाटते. तारीख, स्थळ, माणसे आणि क्रम यांत गफलत होऊ न देण्याचे शिक्षण त्या कक्षात पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे.

आता हा मागोवा घेणाऱ्या मराठी माणसाच्या मनात आपल्याकडचा विचार येणे अपरिहार्य आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला, आणि त्या निकालपत्राचे एक कर्ते न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचे सुपुत्र होते. पुढे २००२ च्या अखेरीस सरकारने शिक्षणसंस्थांना केंद्रे काढण्याची मुभा दिली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी'ही आली. या केंद्रांपाशी सवड आहे, कारण जाहिरातींना त्यांच्या प्रक्षेपणात मोजकीच मिनिटे मिळतात. पण परवान्याच्या अटींनुसार त्यांना स्वतःची वार्तापत्रे देता येत नाहीत आणि चालू घडामोडींवर बोलता येत नाही. आकाशवाणीच्या बातम्या फेरफार न करता पुन्हा ऐकविण्यापुरतीच त्यांना सवलत आहे. म्हणजे आपल्याकडच्या विद्यार्थ्याने एखाद्या गवय्याची जयंती दिवसभर साजरी करावी, परीक्षेच्या तारखा सांगाव्यात, पण आपल्याच कुलगुरूंच्या कचेरीसमोर मोर्चा जमला तर त्याविषयी ध्वनिक्षेपकापुढे मौन पाळावे, अशी ही व्यवस्था आहे. ती अन्यायाची आहे. निदान शिक्षणसंस्थांच्या केंद्रांना आपापल्या आवारापुरते तरी वार्तांकन करण्याची परवानगी माहिती व प्रसारण खात्याने द्यावी, आणि त्यासाठी कायद्यात मोठा फेरबदल करावा लागेल असेही नाही. परवान्यातील एक कलम बदलले म्हणजे काम भागेल.