जुन्या गाडीची निगा (लेखांक ६) : गिअर अडतो, दोष कुणाचा?

गेल्या आठवड्यात कार्बोरेटर पाहिला, आता गिअर. जुनी स्पोर्ट्स कार बाळगणारा ‘गिअरबॉक्स गेला’ या दोन शब्दांना सगळ्यात जास्त घाबरतो. पण गिअर पडत नसेल तर दोष पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो : क्लचमध्ये, नाहीतर लिव्हरच्या जोडणीत. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत तर पहिला संशय क्लचवरच घ्यावा.

पहिल्या तपासणीला पाना-पक्कडही लागत नाही. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहा. बंद गाडीत सगळे सहज पडतात आणि इंजिन चालू केलं की अडतात, याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही. खात्री करायची तर उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवा, क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि हळूच रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच धरून राहिला असेल, तर करकर ऐकू येतेच.

एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर यांसारख्या गाड्यांचा क्लच ऑइलच्या दाबावर चालतो. हे ऑइल, म्हणजे आपलं ब्रेक ऑइल, हवेतला ओलावा शोषून घेतं. मग सिलिंडर आतून गंजतो आणि रबरी वॉशर दाब धरत नाही. पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर पडू लागला, तर आत हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडर दाब सोडतो आहे. पेडलच्या वरचा भाग आणि खालच्या सिलिंडरचं रबर ओलं आहे का, तेही बघा. गळती नसली तरी हे ऑइल दोन वर्षांनी बदलावं.

मांडवी, भाट्ये अशा किनाऱ्यालगत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक प्रकार होतो. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल नेहमीसारखं दबतं, पण क्लच सुटत नाही. म्हणून पावसाळ्यातही दर पंधरवड्याला इंजिन तापवून गाडी पुढे-मागे घ्यावी.

इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असेल, तर जोडणी तपासा. आपल्या शेजारी गोव्यात १९९८च्या सुमारास आलेल्या सॅन स्टॉर्ममध्ये रेनॉचं ११४९ सीसी इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे. अशा गाड्यांत लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यात अंतर असतं. मधल्या जोडणीचे बुश झिजले की लिव्हर सैल हलतो आणि गिअर नेमका सापडत नाही. दुरुस्ती स्वस्तातली असते.

करकर एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला येत असेल, तर सिंक्रो रिंग झिजली आहे. डबल क्लच मारून तो निमूट पडला, तर निदान पक्कं. मात्र १९६७च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रोच नव्हता. तिथे चालत्या गाडीत येणारी करकर हा दोष नाही. गाडी थांबवूनच पहिला टाकायचा.

आंबा घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल, तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग रबरं बघा. ती ठीक असतील, तर आतली स्प्रिंग, फोर्क किंवा दाते झिजले आहेत आणि गिअरबॉक्स उघडावाच लागेल. तोपर्यंत घाटात जाऊ नये.

ऑइलही मॅन्युअलप्रमाणेच भरा. जीएल-५ दर्जाची काही ऑइलं पितळी सिंक्रो रिंगांना खातात. जुन्या बॉक्सना बहुधा जीएल-४ चालतं, एमजीबीला तर इंजिन ऑइलच लागतं.

मेकॅनिककडे जाताना तीन उत्तरं लिहून न्या : इंजिन बंद असताना गिअर पडतो का, सगळे अडतात की एकच, गाडी थंड असताना अडतो की तापल्यावर. या तिन्हींवर बोलणं झाल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका.